'लव्ह' म्हणजे अंडं नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'अंड्यावरचे इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांच्या जन्मकथा' अशी एक यादी सारखी फिरत असते. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीनं ती यादी वहीत लाल शाईनं उतरवून आणली. अर्थ बरेचसे ठीक होते, पण त्याखालच्या गोष्टी बहुतेक बिनबुडाच्या. मुलं अर्थ विसरतात आणि गोष्ट धरून ठेवतात, म्हणून एकेक दावा तपासून लिहिते आहे.

सगळ्यात लाडका दावा टेनिसचा. तिथं शून्य गुणांना 'लव्ह' म्हणतात. शून्य अंड्यासारखं दिसतं, फ्रेंचमध्ये अंड्याला 'लफ' म्हणतात आणि त्याचंच इंग्रजांनी 'लव्ह' केलं, असं यादी सांगते. ऐकायला इतकं गोड आहे की शंका घ्यावीशीच वाटत नाही. पण फ्रेंच लोक स्वतः टेनिसमध्ये शून्याला 'झेरो' म्हणतात. ज्यांचा शब्द म्हणून सांगतात, त्यांच्याच खेळात अंडं नाही. उलट इंग्रजीत पैज न लावता खेळण्याला 'प्ले फॉर लव्ह', म्हणजे प्रेमाखातर खेळणं, म्हणायची पद्धत सतराव्या शतकापासून आहे. पैसा नाही, नुसतं प्रेम, म्हणजे हाती काही नाही. अठराव्या शतकात व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळातही शून्य गुणांना 'लव्ह' म्हणत, आणि त्या पत्त्यांना फ्रेंच अंड्याची गरज नव्हती. कोशकारांचा कल याच व्युत्पत्तीकडे आहे.

तरी अंड्याची गोष्ट खरी वाटते, याचं कारण क्रिकेटमध्ये आहे. तिथं शून्यावर बाद होण्याला 'डक' म्हणतात ते 'डक्स एग', म्हणजे बदकाचं अंडं, यावरूनच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो शब्द पुरा छापलेला सापडतो. पुढं अंडं गळालं आणि बदक उरलं. यादीतला हा दावा बरोबर आहे. आपण मराठीत त्याच शून्याला भोपळा म्हणतो आणि 'भोपळाही फोडता आला नाही' असं सहज बोलून जातो. आकारावरून शब्द घडतो, यात शंका नाही. पण एका खेळात घडला म्हणून शेजारच्या खेळात घडलाच असेल असं नाही. तिथं छापील पुरावा लागतो.

दुसरा दावा: 'सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका' ही म्हण सर्वांतेस या स्पॅनिश लेखकानं 'डॉन किहोते' या कादंबरीत लिहिली. मूळ स्पॅनिशमध्ये नायकाचा सेवक सांचो पांझा म्हणतो की शहाण्यानं आज स्वतःला उद्यासाठी राखावं, सगळं एकाच दिवशी पणाला लावू नये. अंडीही नाहीत, टोपलीही नाही. ती घातली पीटर मोट्यू या इंग्रजी अनुवादकानं, 1700च्या सुमारास. म्हण तेव्हा इंग्रजीत नवी नव्हती; 1666 साली छापलेल्या इटालियन म्हणींच्या एका इंग्रजी संग्रहात ती येऊन गेली होती. अनुवादकानं ओळखीची म्हण पेरली आणि श्रेय 1605च्या मूळ लेखकाला गेलं.

'एग ऑन', म्हणजे एखाद्याला चिथवणं, फूस लावणं. यादी म्हणते, रंगमंचावरच्या नटाला अंडी मारून डिवचत, त्यावरून हा शब्द आला. या 'एग'चा अंड्याशी काडीचाही संबंध नाही. जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेत 'एग्ग्या' म्हणजे चिथवणं. त्याचं मूळ धार या अर्थाच्या शब्दात, आणि इंग्रजीतला 'एज' त्याच घराण्यातला. गंमत अशी की खायच्या अंड्याचा 'एग'सुद्धा नॉर्सच, पण मूळ वेगळं. तो इंग्रजीत सुखासुखी रुळला नाही. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन यानं 1490 साली एका प्रस्तावनेत प्रसंग सांगितला आहे. नेदरलंड्समधल्या झीलंडला निघालेले काही व्यापारी वाऱ्याअभावी अडकून किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या शेफील्ड नावाच्या एकानं एका घरी जाऊन खायला आणि खास करून 'एग्ज' मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग दुसऱ्यानं 'एरेन' (अंड्यांसाठीचा जुना इंग्रजी शब्द) हवीत म्हटलं, तेव्हा बाईंना कळलं. एकाच देशात अंड्याला दोन शब्द होते आणि त्यातला नॉर्स जिंकला. मी हा प्रसंग वर्गात सांगते. यादीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तो मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

'क्युरेट्स एग' म्हणजे काही भाग चांगला, काही वाईट. आजच्या कोशांत हाच अर्थ आहे, त्यामुळे यादी इथं चूक म्हणता येणार नाही. पण तिनं मूळ चित्र गाळलं. नोव्हेंबर 1895 मधलं 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातलं व्यंगचित्र: बिशपच्या न्याहारीच्या टेबलावर एक क्युरेट, म्हणजे कनिष्ठ पाद्री. बिशप म्हणतो, तुम्हाला खराब अंडं आलेलं दिसतं. पाद्री घाबरत म्हणतो, नाही नाही महाराज, त्याचे काही भाग उत्तम आहेत. नासलेलं अंडं भागाभागानं चांगलं नसतं. वरिष्ठासमोर खरं बोलायची हिंमत नसणं, हे ते चित्र होतं. अर्थातली ती धार आता गेली, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा दावा मला सगळ्यात खटकतो. 'अंडी फोडल्याशिवाय ऑम्लेट होत नाही' हे स्टालिनचं वाक्य, आणि अर्थ म्हणून 'मोठ्या कामात थोडं नुकसान सोसावंच लागतं'. म्हण फ्रेंच आहे आणि स्टालिनच्या जन्माआधी शंभरावर वर्षं ती रुळलेली होती. सोव्हिएत रशियाशी तिचं नाव जोडलं गेलं त्यात वॉल्टर ड्युरँटी या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदाराचा मोठा हात होता. मार्च 1933 मध्ये गॅरेथ जोन्स हा तरुण वेल्श पत्रकार युक्रेनमधली खेडी पायी हिंडून आला आणि तिथं दुष्काळ पडलाय असं त्यानं जाहीर सांगितलं. दोनच दिवसांनी, 31 मार्चला, ड्युरँटीनं त्याला खोडून काढणारा लेख छापला: लोक भुकेले आहेत, पण भूकबळी नाहीत, आणि निष्ठुरपणे सांगायचं तर अंडी फोडल्याशिवाय ऑम्लेट होत नाही. त्या दुष्काळात लाखो माणसं मेली.

मुलीच्या वहीत 'थोडं नुकसान' या शब्दांखाली मी रेघ मारली आणि शेजारी 1933 लिहिलं. त्या वर्षी काय झालं, असं तिनं विचारलं. तो तास तेवढ्यातच संपला.