श्रीसंत 'निर्दोष' सुटला असं फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

"कोर्टाने श्रीसंतला निर्दोष सोडलं, तरी बीसीसीआयने बंदी लादून त्याचं करिअर संपवलं, बळी फक्त त्याचाच गेला." हा मेसेज आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्समध्ये सारखा फिरतोय आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. प्रकरण 2013 च्या आयपीएलमधलं: राजस्थानकडून खेळणारा भारताचा फास्ट बॉलर श्रीसंत याला स्पॉट फिक्सिंगच्या आरोपात अटक झाली आणि बोर्डाने, म्हणजे बीसीसीआयने, त्याच्यावर आजीवन बंदी घातली. इंदूरकरांना श्रीसंतबद्दल प्रेम वाटणं अगदी साहजिक आहे हो, 15 एप्रिल 2006 ला आपल्या उषाराजे मैदानावर (आताचं होळकर स्टेडियम) पहिली वनडे झाली त्यात त्याने इंग्लंडच्या 55 रनांत 6 विकेटी काढल्या होत्या, त्याच मॅचमध्ये उथप्पाने पदार्पणात 86 केले आणि आपण जिंकलो. त्याच वर्षी जोहान्सबर्गला 40 रनांत 5. असा बॉलर रोज मिळत नाही, म्हणूनच त्याच्याबद्दल खोटं फिरलं की जास्त त्रास होतो.

आधी ते 'निर्दोष'. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या पटियाला हाऊस कोर्टाने 36 आरोपींना सोडलं, हे खरं आहे. पण साक्षीदार तपासून, पुरावे घासून पुसून खटला चालला आणि मग सुटले असं झालंच नाही, आरोप ठेवायच्या टप्प्यावरच केस पडली. पोलिसांनी मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावला होता, त्याला संघटित गुन्हेगारी टोळीशी संबंध दाखवावा लागतो, तो दिसला नाही, आणि मॅच फिक्सिंगसाठी आपल्या देशात वेगळा कायदाच नव्हता. म्हणजे फौजदारी कायद्याखाली केस उभी राहिली नाही, एवढंच. बोर्डाचा भ्रष्टाचारविरोधी नियम ही पूर्णपणे वेगळी गोष्ट, तो कॉन्ट्रॅक्ट सही करणाऱ्या प्रत्येक खेळाडूला लागू असतो.

आणि सुप्रीम कोर्टाचं काय, ते मेसेजमधून नेमकं गाळलंय! 15 मार्च 2019 ला न्या. अशोक भूषण आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी आजीवन बंदी रद्द केली, पण तो दोषी असल्याचा बोर्डाच्या समितीचा निष्कर्ष तसाच ठेवला. म्हणणं एवढंच होतं की नियमात पाच वर्षांपासून आजीवनपर्यंत शिक्षा आहे, मग थेट सगळ्यात मोठी देताना बाकीच्या गोष्टींचा विचार का नाही केला, तीन महिन्यांत परत ठरवा. त्यानंतर बोर्डाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी बंदी सात वर्षांची केली, 2013 पासून मोजून. आजीवन जास्तच होती हे मलाही पटतं, ज्यांनी तेव्हा त्याच्यासाठी आवाज उठवला ते बरोबर होते. पण शिक्षा कमी झाली म्हणजे दोष गेला असं होत नाही ना.

काही जण केरळ हायकोर्ट दाखवतात. ऑगस्ट 2017 मध्ये एका न्यायमूर्तींनी बंदी उठवली, बरोबर, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठाने ती परत लावली. अर्धीच बातमी शेअर करतात.

मग तो 13 रनांचा मुद्दा. पोलिसांचं म्हणणं होतं की 9 मे 2013 ला मोहालीत पंजाबविरुद्ध त्याच्या दुसऱ्या ओव्हरमध्ये 14 किंवा जास्त रन द्यायचे ठरले, खूण म्हणून टॉवेल खोचायचा, आणि सौदा 40 लाखांचा. त्याने 13 दिले. "मग फिक्सिंग कुठे झालं?" असं विचारणाऱ्यांना मला सांगायचंय की नियमात नुसतं कबूल होणंही गुन्हा आहे, इतकंच काय, कोणी विचारायला आलं आणि तुम्ही बोर्डाला सांगितलं नाही तरी गुन्हा. सिद्धार्थ त्रिवेदीला एक वर्षाची बंदी ह्याचसाठी लागली. श्रीसंतचं म्हणणं होतं की कबुलीजबाब पोलिसांनी मारझोड करून घेतला, ही तक्रार गंभीर आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये, पण ती सुप्रीम कोर्टासमोरही मांडली होती आणि तरी दोषाचा निष्कर्ष टिकला.

"करिअर बीसीसीआयने संपवलं" हेही अर्धवट. भारताकडून तो शेवटचा ऑगस्ट 2011 मध्ये ओव्हलला खेळला, वनडे त्याआधीची, वर्ल्डकप फायनल. अटक झाली मे 2013 मध्ये. मधली जवळपास दोन वर्षं तो टीममध्ये नव्हता. बंदीने परतीची वाट नक्कीच बंद केली, पण तो आधीच बाहेर होता.

आणि "बळी फक्त त्याचाच"? राजस्थानच्याच अंकित चव्हाणलाही आजीवन लागली होती, अजित चंडिलाला 2016 मध्ये तेच. चेन्नई टीमशी जोडलेला मय्यप्पन आणि राजस्थानचा सहमालक राज कुंद्रा यांनाही आजीवन, चेन्नई आणि राजस्थान दोन्ही टीम दोन वर्षं बाहेर. आणि आपल्याच मध्य प्रदेशचा टी. पी. सुधींद्र आठवतोय का कोणाला? 2011-12 च्या रणजीत सगळ्यात जास्त विकेटी त्याच्या, 40, आणि 2012 मध्ये टीव्हीच्या स्टिंगनंतर बोर्डाने आजीवन बंदी घातली. इंदूरच्या ग्रुप्समध्ये त्याच्यासाठी एकही मेसेज मी पाहिलेला नाही.