पलीकडच्या खिडकीवर विचारा

माझ्या शरीरात पाळी आणि वजन अशी दोन खाती आहेत आणि त्यांचं आपसांत साटंलोटं आहे. पाळी का येत नाही म्हणून विचारायला गेलं, की उत्तर मिळतं, ‘आधी वजन कमी करा.’ वजन का हलत नाही म्हणून विचारलं, की ‘तुमची पाळी तरी कुठे नियमित आहे? आधी तिचं बघा.’ या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घालायचे, आणि दोन्हीकडे साहेब जागेवर नाहीत.

संताप याचा की दोन्ही खिडक्या खरं बोलतात. डॉक्टरांनी मला कागदावर बाण काढून समजावलं. पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात, म्हणून शरीर आणखी इन्शुलिन सोडतं. हे जादा इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी हार्मोन्स बनवायला चिथावतं, आणि त्या हार्मोन्सना बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृत बनवतं, तेही कमी करतं. मग हे हार्मोन्स मोकाट. त्यांच्यामुळे बीज पिकत नाही, पिकलं नाही की सुटत नाही, सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे पाळीला लागणारं हार्मोन नाही आणि ते नाही तर वेळेवर पाळी नाही. त्यात वजन वाढलं की पेशी आणखी बहिऱ्या. शेवटचा बाण पहिल्या बाणाला येऊन भिडला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “कळलं ना?” कळलं की. बाहेर पडायचं दार कुठल्या बाणावर आहे, तेवढं सोडून सगळं कळलं.

या मोकाट हार्मोन्सचा कारभार पाहण्यासारखा असतो. डोक्यावरचे केस गळतात आणि हनुवटीवर उगवतात. पद रद्द होत नाही, नुसती बदली होते.

पाळी लांबली की घरात वाट पाहणं सुरू होतं. मला तर सगळी लक्षणं येतात, पाळी सोडून. कंबर दुखते, पोट फुगतं, नाकाच्या शेंड्यावर पुळी येते, आणि पुढे काहीच नाही. नवरा मोठ्या हुशारीने म्हणतो, “तू चिडचिड करतेयस, म्हणजे येणार बहुतेक.” मी त्याला सांगते की ही चिडचिड या वाक्यामुळे आहे. तो मान डोलावतो आणि ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ असा चेहरा करतो. मग मी प्रेग्नन्सी टेस्ट करते. एकच रेघ येते, तरी ती पट्टी उजेडात तिरकी धरून दुसरी रेघ शोधायची. दिसू नये म्हणून शोधायची की दिसावी म्हणून, ते तेव्हाच्या मूडवर. मावशीला मात्र असली पट्टीबिट्टी लागत नाही. फोनवर माझा आवाज जरा दमलेला वाटला की ती लगेच आवाज खाली आणते, “अगं, गोड बातमी आहे का काही?”

पाळीच्या तारखा ठेवायला मी मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. ते बिचारं अठ्ठावीस दिवसांच्या जगात वाढलेलं. डॉक्टर लोक एकवीस ते पस्तीस दिवसांपर्यंतचं चक्र नियमित धरतात, म्हणजे सवलत बऱ्यापैकी आहे. पण माझं चक्र त्या हद्दीच्या बाहेरच फिरायला जातं. सुरुवातीला अ‍ॅप ठणकावून तारीख सांगायचं. नंतर ‘पाळी उशिरा आहे’ म्हणून लाल गोल दाखवू लागलं. हल्ली ते ताणतणाव कमी करण्यावरचे लेख पाठवतं.

आणि दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, “शेवटची पाळी कधी आली होती?” दात दाखवायला जा, डोळे दाखवायला जा, बाईमाणूस दिसलं की हा प्रश्न ठरलेला. मी “बहुतेक उन्हाळ्यात” असं म्हणते. पलीकडच्या सिस्टर पेन उचलून माझ्याकडे बघत राहतात. त्यांच्या रकान्यात ऋतू मावत नाहीत.

सोनोग्राफीची तर वेगळीच शिक्षा. भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरा आणि नंबर येईपर्यंत बसा. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत, हसत नाहीत, शिंकायचीही चोरी. नेमकं तेव्हाच कोणीतरी इमर्जन्सी म्हणून मध्ये घुसतं. शेवटी आत गेल्यावर मशिनवाले डॉक्टर पोटावर नेमकं तिथेच दाबून शांतपणे सांगतात, “अजून थोडं भरायला हवं होतं.”

रिपोर्टमध्ये नाव आलं पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. घरी सगळे ‘गाठी झाल्यात’ म्हणून हबकले. त्या गाठी नसतात. अर्धवट वाढून तिथेच थांबलेल्या बीजपुटिका असतात, दोन ते नऊ मिलिमीटरच्या. स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये अशा सात बायकांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून आमची जमात वैद्यकाच्या दप्तरी दाखल आहे. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांची बैठक होऊन निकष ठरले : अनियमित बीजमोचन (म्हणजे बीज सुटणं), वाढलेले पुरुषी हार्मोन्स आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, या तिघांपैकी कुठलेही दोन. पुटिका तेव्हा एका बीजकोशात बारा पुरत होत्या; २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी आधुनिक मशिनसाठी त्या वीस केल्या. कटऑफ एवढा वाढूनही मी पास झाले. शाळेत गणितात असं कधी झालं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हा त्रास असलेल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. त्यांना वाटत असेल, आपलं अ‍ॅप बिघडलंय.

आता दुसरी खिडकी. वजन कमी करायला घेतलं की पहिल्या आठवड्यात काटा असा घसरतो की मी जुने कपडे कपाटातून वर काढते. ते बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, साठा संपला की तेही जातं. त्यानंतर काटा जो रुसतो तो रुसतोच. शरीर लहान झालं की त्याचा खर्च घटतो, आणि वर ते काटकसरही करू लागतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून हे नीट मोजलं. ते तरुण थंडीने कुडकुडायचे, चिडायचे, आणि त्यातले काही तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. रात्री अकरा वाजता मोबाइलवर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघताना मला त्या मुलांविषयी भावाबहिणीचं प्रेम वाटतं.

बरं, म्हणून खाणं आणखी कमी करावं, तर मेंदू ‘दुष्काळ पडलाय’ असं समजून पाळीच बंद करून टाकतो. म्हणजे वजन वाढलं तरी पाळी नाही, फार उपाशी राहिलं तरी पाळी नाही.

वजन दर महिन्याच्या ठरावीक आठवड्यात तपासा, म्हणजे पाळीआधी साठणाऱ्या पाण्याने फसगत होणार नाही, हाही एक शहाणा सल्ला. नियमित बायकांनी दिलेला. माझा ठरावीक आठवडा कुठला, हे त्यांनी पंचांगात बघून सांगावं.

डॉक्टरांनी मात्र कामाची गोष्ट सांगितली. कॉलेजातल्या फोटोपर्यंत पोहोचायची गरज नाही; आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं, तरी बऱ्याच जणींचं बीजमोचन सुधारतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) हेही त्यांनी तपासून घेतलं, कारण पाळी बिघडवणारे तेही असू शकतात. आणि मी “नाही आली तर बरंच ना, कटकट नाही” असा विनोद केला, त्यावर त्या अजिबात हसल्या नाहीत. बीज सुटत नसलं तरी इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन गर्भाशयाचं अस्तर जाड करत राहतं; ते महिनोन्‌महिने उतरलंच नाही तर पुढे पेशी बिघडण्याचा, अगदी कर्करोगाचाही धोका वाढतो. तीन-तीन महिने पाळी नाही आणि बाई खुशीत आहे, हे त्यांना मुळीच चालत नाही. त्यांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर काही दिवसांत पाळी येईल म्हणाल्या.

आली. थकबाकी, व्याज, दंड, सगळं एकदम वसूल करत आली. काटाही त्याच सकाळी अर्धा किलो वर. तरी मी खूश! पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, त्याने टाळी दिली, आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला.

“आवाज किती आनंदी येतोय गं तुझा! मग? सांग ना!”

“मावशी, पाळी आली!”

पलीकडे बराच वेळ काही ऐकूच येईना. मग मावशीने हळू आवाजात माझी समजूत काढली, खचून जाऊ नकोस म्हणाली, आणि जावयांना फोन द्यायला सांगून त्यांचंही सांत्वन केलं.