लाइन थांबवण्याचा अधिकार

आज सायंकाळी पुण्यात एका व्यवस्थापनविषयक व्याख्यानाला गेलो होतो. घरी येऊन जेवण झाले तरी डोके शांत होत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. विषय होता टोयोटा. या कंपनीच्या गाड्या वर्षानुवर्षे कुरकुर न करता का धावतात, याचे कारण वक्त्यांनी सभागृहाला असे सांगितले, की गुणवत्ता जपानी माणसाच्या रक्तातच असते. आपल्या कामगाराला मात्र शिस्त नाही, कामाविषयी आपलेपणा नाही आणि त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागते. यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांच्या कारखान्यांत भिंतीभिंतीवर कायझेनचे, म्हणजे कामात सतत थोडीथोडी सुधारणा करण्याच्या जपानी पद्धतीचे, फलक लावलेले आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण त्यातले काही कारखाने मी आतून पाहिले आहेत.

मला त्या क्षणी चाकणचा एक मुलगा आठवला. मी तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. तिथे आयटीआय करून आलेला, बीडकडचा एक ट्रेनी होता. ब्रेकच्या एका भागाला पाडलेल्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहते आहे, हे त्याच्या बोटाला जाणवले आणि त्याने लाल बटन दाबून लाइन थांबवली. टूल झिजले होते, ते बदलायचे होते, इतकीच गोष्ट होती. सुपरवायझर धावत आला आणि सगळ्या शिफ्टसमोर त्याला विचारू लागला, ‘‘कोणाला विचारून थांबवलीस? टार्गेट तुझा बाप भरणार आहे का?’’ त्या मुलाने काहीही उत्तर दिले नाही. त्याने हातातला तो भाग फक्त पुढे केला. सुपरवायझरने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आता टोयोटाच्या रक्ताविषयी बोलू.

टोयोटा ज्या टोयोडा घराण्याने उभारली, त्याचे मूळ मोटारीत नसून कापड विणण्याच्या मागात आहे. साकिची टोयोडा हे १८६७ साली शिझुओका भागातल्या एका खेड्यात सुताराच्या घरी जन्मले. त्यांच्या आयुष्यभराच्या खटपटीचा कळस म्हणजे १९२४ चा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग. या मागाचे मोठेपण केवळ वेगात नव्हते. धागा तुटला की तो माग आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि एका कामगाराला अनेक मागांवर लक्ष ठेवता येत असे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्स या त्या काळच्या बलाढ्य कंपनीने या मागाचे हक्क घेतले. दोष दिसताच थांबायचे, हे तत्त्व पुढे यंत्राकडून माणसाकडे आले आणि टोयोटाच्या कारखान्यांत लाइन थांबवण्यासाठी ओढायची दोरी कामगाराच्या डोक्यावर टांगली गेली. चाकणच्या त्या मुलाने नेमके तेच केले होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्या मागाचे जगभर कौतुक झाले, त्याच गोष्टीसाठी आमच्या ट्रेनीचा बाप काढला गेला.

आणि ‘रक्तातच असते’ म्हणणाऱ्यांनी साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांचे पहिले ट्रक पाहायला हवे होते. मागाच्या कारखान्यात १९३३ साली मोटारीचा विभाग सुरू झाला आणि १९३५ मध्ये ‘जी-१’ हा ट्रक बाजारात आणायची तयारी झाली. तो ट्रक रस्तोरस्ती बंद पडत असे. प्रदर्शनासाठी टोकियोकडे निघालेल्या ट्रकांपैकी एक वाटेतच मोडला. गिऱ्हाइकाची गाडी जिथे अडेल तिथे कंपनीची माणसे जात, दुरुस्ती करत आणि काय तुटले, का तुटले याची नोंद घेऊन परत येत. ऑगस्ट १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्रपणे स्थापन झाली, ती अशा तुटक्या आसांच्या आणि शिव्या देणाऱ्या ट्रकचालकांच्या पायावर. रक्तात गुणवत्ता होती तर ती ‘जी-१’च्या वेळी कुठे दडून बसली होती?

त्यानंतरचा जो भाग आहे, तो आजच्या व्याख्यानात अजिबात नव्हता, आणि माझा खरा राग त्यावर आहे. युद्धानंतर, १९४९ साली, अमेरिकेच्या आग्रहाने जपानमध्ये कडक काटकसरीचे धोरण आले, पैसा आटला, विकलेल्या गाड्यांचे हप्ते थकले आणि टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. कामगारांनी पगारात दहा टक्के कपात सोसली, कारण कोणालाही काढणार नाही, असा शब्द त्यांना मिळाला होता. बँकांनी मदत केली, पण अटी घातल्या: विक्रीची कंपनी वेगळी करा आणि माणसे कमी करा. शब्द मोडला. १९५० च्या वसंतात संप झाला आणि तो जूनपर्यंत चालला. अखेर दोन हजारांहून अधिक लोक बाहेर पडले. आणि किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपद सोडले. ज्या कंपनीसाठी त्यांनी उमेद खर्ची घातली, तिच्या संस्थापकाने कामगारांना दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून खुर्ची सोडली. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियात युद्ध पेटले, अमेरिकी सैन्याकडून ट्रकांच्या मागण्या आल्या आणि कंपनी तरली. ते वैभव पाहायला किइचिरो फार काळ राहिले नाहीत, मार्च १९५२ मध्ये ते गेले. हे लिहिताना माझा सूर खाली आला आहे. या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो आणि त्याचे कारण त्यांनी बनवलेल्या गाड्या नाहीत.

पुढे टोयोटात जे घडले ते या जखमेनंतर घडले. उरलेल्यांना नोकरीची शाश्वती मिळत गेली, १९५१ साली कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू झाली, १९६२ मध्ये संघटना आणि व्यवस्थापन यांनी परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. टोयोटातले उत्पादन अभियंते ताइइची ओनो यांनी मशीन शॉपमध्ये जे प्रयोग केले, म्हणजे पुढच्या टप्प्याला लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच बनवायचे, मागणीचा कागद मागच्या टप्प्याकडे पाठवायचा, दोष दिसला की सगळ्यांनी थांबून त्याचे मूळ शोधायचे, ते याच काळातले. साठा कमी ठेवला की दोष लपवायला जागा उरत नाही. पण दोष उघड करणाऱ्याची नोकरी जाणार असेल तर तो उघड करीलच कशाला? आपल्या मित्रवर्तुळात हे कोणाला समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही. आपण सगळे शॉप फ्लोअरवरच वाढलो आहोत.

त्या मुलाला विचारले असते तर त्यानेही हेच सांगितले असते. त्या दिवसानंतर त्याने बटनाला हात लावला नाही. बर राहिलेले भाग तो निमूटपणे पुढे सरकवत असे आणि आमच्या टेबलावर रीवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायच्या भागांचा, ढीग वाढत असे.

हे सारे जपानचे, आपल्याकडे चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे उदाहरण आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि वाईट गाड्या यांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला आणि बहुतांश जुनेच कामगार, त्याच युनियनसह, परत घेतले. त्यांच्यातल्या काहींना जपानमध्ये नेऊन काम दाखवले, सगळ्यांच्या डोक्यावर दोरी दिली आणि सहजासहजी ले-ऑफ देणार नाही, म्हणजे कामावरून कमी करणार नाही, असे करारात लिहून दिले. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. १९८८ च्या सुमारास विक्री घसरली, तेव्हाही माणसांना घरी पाठवले नाही. कामगार तेच होते, गाव तेच होते, आणि रक्त अर्थातच अमेरिकी होते. जनरल मोटर्सला मात्र ही रीत स्वतःच्या इतर कारखान्यांत रुजवायला वर्षानुवर्षे लागली, कारण त्यांच्या व्यवस्थापकांना दोरी विकत घेता येत होती, ती ओढलेली सहन होत नव्हती.

अपयशे टोयोटालाही चुकली नाहीत. १९५७ साली अमेरिकेत नेलेली टोयोपेट क्राउन तिथल्या महामार्गांवर दम टाकत असे, इंजिन तापत असे. १९६० च्या अखेरीस तिथे मोटारी पाठवणे थांबवावे लागले. कोरोना नावाची मोटार आणि मग १९६६ ची कोरोला ही त्यानंतरची पिढी.

संस्कृतीचा काहीच वाटा नाही असे मी म्हणत नाही, थोडा असेल.

आणि टोयोटा म्हणजे देवघर आहे असेही कोणी समजू नये. २००२ साली त्यांच्या जपानमधल्या कारखान्यात तिशीतला एक कामगार कामावरच कोसळून गेला. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने तो अतिश्रमाचा मृत्यू ठरवला आणि क्वालिटी सर्कलसाठी, म्हणजे गुणवत्ता सुधारण्यासाठी कामगारांच्या गटाने घेतलेल्या बैठकांसाठी, दिलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे, असे मानले. वक्ते ज्याला ‘स्वयंप्रेरणा’ म्हणत होते, ती बरेचदा बिनपगारी ओव्हरटाइम असते. ‘लागेल तेव्हाच’ मागवण्याचा भार शेवटी सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वेंडरच्या डोक्यावर येतो, हे तर चाकणमध्ये पहाटे रांगेत उभे असलेले टेम्पो पाहून कोणालाही कळेल. २००९-१० मध्ये अडकणारे पेडल आणि मॅट यांमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि तेव्हाचे कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकी काँग्रेससमोर बसावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सूमध्ये सुरक्षा चाचण्यांत दशकानुदशके लबाडी चालू असल्याचे उघड झाले आणि साऱ्या गाड्यांची पाठवणी थांबवावी लागली. चौकशी समितीने कारण दिले ते असे, की नव्या गाडीच्या मुदती अशक्य होत्या आणि खालच्या माणसाला ‘जमणार नाही’ असे वर सांगण्याची सोय नव्हती. वाचताना मला परत तो मुलगा, त्याचा पुढे केलेला हात आणि त्यातला तो भाग आठवला. जपानी माणसाच्या तोंडावर हात ठेवला की तोही बर राहिलेला भाग निमूटपणे पुढे सरकवतो.

आपल्याकडे टोयोटा आली ती १९९७ साली, किर्लोस्कर घराण्याबरोबर. लोखंडी नांगराने जमीन नासते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर पटायला वेळ लागला होता. टोयोटाच्या क्वालिस गाडीला तो त्रास झाला नाही, २००० साली ती आली आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक वडाप आणि टूरवाल्याने तिला डोक्यावर घेतले. पण ती जिथे बनत होती, त्या बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात २०१४ आणि २०२० मध्ये कामगारांशी वाद होऊन व्यवस्थापनाने टाळेबंदी केली, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

आता छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला त्यांचा सुमारे २०,००० कोटींचा प्रकल्प येण्याचा करार २०२४ मध्ये झाला आहे आणि मराठवाड्यातली पोरे त्याकडे डोळे लावून बसली आहेत. तिथल्या आयटीआयमध्ये शिकवणारे माझे काही जुने सहकारी ही पोस्ट वाचतील. त्यांना माझी विनंती आहे, की मुलाखतीला निघालेल्या मुलांना पगार आणि बसची सोय यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला शिकवा: लाइन थांबवण्याचा अधिकार कंत्राटी मुलालाही आहे का, आणि त्याने ती थांबवली तर पुढच्या महिन्यात त्याचे कंत्राट कोणाच्या सहीवर अवलंबून असेल?