पॉईंट एकची भानगड

हातातल्या घड्याळाची काच तडकली की गणपत गल्लीकडे जावं, घड्याळवाल्याच्या हातात ते द्यावं आणि तो काच बसवेपर्यंत चहा घ्यावा, हा झाला शहाण्याचा रस्ता. पण बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांनी आम्हाला बिघडवून ठेवलंय. लेथवर मिलीमीटरचा शंभरावा भाग पकडणाऱ्या माणसाला "काच बसवायला दुकानात जा" म्हटलं की त्याचा अपमान होतो. मीही त्यातलाच. त्यामुळे पुढचं सगळं आपल्याच जातभाईंसाठी.

आधी काच कसली ते बघा. एचएमटीची जुनी जनता किंवा पायलट असेल तर ती काच नसून प्लास्टिक आहे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. नखानं टिचकी मारली की बद्द वाजतं. नुसते चरे असतील तर काढूच नका. दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा आणि मग सुती फडक्यावर टूथपेस्ट घेऊन पाचदहा मिनिटं घासा; काच पुन्हा लख्ख. हाच प्रयोग खऱ्या काचेवर केलात तर घड्याळाला पुदिन्याचा वास येतो, बाकी काही होत नाही.

तडा असेल तर मात्र मागचं झाकण उघडणं आलं. दाबून बसवलेल्या झाकणाच्या कडेला एक बारीक खाच असते, तिथंच पातं घालायचं. स्वयंपाकघरातली सुरी घेऊ नये. ती आधी झाकणावरून घसरते, मग अंगठ्यावरून. आट्यांचं झाकण असेल तर चिकटपट्टी उलटी गुंडाळून मुठीएवढा गोळा करा आणि दाबून फिरवा.

आता चावी. तिच्या दांडीजवळ मशीनवर एकतर दाबायचा ठिपका असतो किंवा छोटा स्क्रू. हा स्क्रू एक, फार तर दोन फेरे सैल करायचा. आपला हात नटबोल्टचा, त्यामुळे तो पूर्ण काढायची फार खुमखुमी येते. काढलात की आतला खटका सुटून डायलच्या बाजूला पडतो, आणि तो परत बसवायला काटे उतरवा, डायल उतरवा... काच राहिली बाजूला. ठिपका दाबून किंवा स्क्रू सैल करून चावी ओढली की दांडी निघते; मग मशीन अलगद काढून स्टीलच्या उपड्या वाटीखाली झाका. त्या वाटीत कुणी कुंदा वाढू नये, एवढं घरात सांगून ठेवा.

काचेचा चुरा डायलवर पडला असेल तर बोट लावू नका, रंगावर कायमची रेघ उठते. तोंडानं फुंकूही नका, थुंकीचे ठिपके पडतात. रबरी फुग्याचा पंप घ्या.

खरी भानगड मापात आहे. सीमाप्रश्न इथं 1956 पासून भिजत पडलाय, त्यामुळे हद्दीवर वाद घालत बसायची आम्हाला सवय. पण काचेची हद्द पॉईंट एकवर, म्हणजे मिलीमीटरच्या दहाव्या भागावर ठरते आणि तिथं चर्चा चालत नाही. व्हर्निअरनं केसची खोबण तीन दिशांनी मोजा, कारण जुनी केस गोल असतेच असं नाही. प्लास्टिकची काच खोबणीपेक्षा 0.1 ते 0.2 मिमी मोठी लागते. पंजाच्या पकडीनं तिची कड आवळायची, खोबणीत ठेवायची आणि सोडायची. ती फुगून स्वतःच घट्ट बसते. खरी काच आवळली जात नाही. तिच्याभोवती नायलॉनचं वायसर असतं, म्हणून जुन्या काचेच्याच मापाची घ्या. पॉईंट एक कमी पडला तर ती हातातच सुटते, पॉईंट दोन वाढला तर काच दाबून बसवायच्या प्रेसमध्ये कड उडते. जाडीही बघा. फुगीर काचेच्या जागी सपाट बसवली की सेकंदकाटा तिला घासतो आणि मग मशीन बिघडलं म्हणून आपण मशीन उघडतो.

प्रेसची डाय, म्हणजे दाबणारा साचा, काचेच्या कडेवर सारखी टेकली पाहिजे. पाव-पाव फेरा द्या. बेअरिंग ठोकल्यासारखं करू नका. काच मधे दम धरते, कडेला नाही.

वायसर नसेल तर गोंद. झटपट चिकटणारा गोंद इथं बाद, त्याच्या वाफेनं काचेवर आणि डायलवर पांढुरका पापुद्रा धरतो. उन्हात घट्ट होणारा यूव्ही गोंद उत्तम, फक्त बेळगावात जुलैमध्ये ऊन कुठून आणणार? दिवा विकत घ्या. तेवढ्यात दुकानात चारपाच काचा झाल्या असत्या, हा हिशेब घरात कुणीतरी मांडतंच.

राहिली धूळ. पंखा बंद करा. "एवढ्या उकाड्यात पंखा का बंद केलाय ओ?" या प्रश्नाला उत्तर न देता काच आतून पुसा, पंप मारा, मशीन बसवा, दांडी घाला, झाकण दाबा. मग टॉर्च तिरपा धरून बघा. सहाच्या आकड्याजवळ बनियनचा एक बारीक धागा उभा असेल. झाकण पुन्हा उघडा. तो स्क्रू मात्र एकच फेरा.