‘म्हणजे तिकडचा भाजप कुठला?’

दुपारचा चहा झाला की आईला माझी आठवण येते. तिच्या कऱ्हाडकडच्या गावात तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि इथे पेनसिल्व्हेनियात सकाळचे सात, म्हणजे नेमकी डबे भरायची वेळ. परवा टीव्हीवर ट्रम्प बघून तिने फोन लावला. "अगं, तिकडे दोनच पक्ष ना? मग त्यातला भाजप कुठला आणि काँग्रेस कुठली, तेवढं सांग."

"तसं नसतं गं आई."

"मग कसं असतं?"

तव्यावर पोळी होती. रात्री सांगते म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. चोवीस वर्षं इथे काढली, त्यातली सात वर्षं मतदार आहे, आणि आईला धड उत्तर देता येत नाही म्हणजे काय! म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

नेहमीचं उत्तर सगळ्यांनाच पाठ आहे. डेमोक्रॅट डावीकडचे, रिपब्लिकन उजवीकडचे. डेमोक्रॅट म्हणतात श्रीमंतांवर कर वाढवा, सरकारने आरोग्य विम्याला हात द्यावा, गर्भपाताचा निर्णय बाईचा, बंदुकांवर बंधनं हवीत, हवामानबदलाचं काहीतरी करा. रिपब्लिकन म्हणतात कर कमी करा, वॉशिंग्टनने राज्यांच्या कारभारात नाक खुपसू नये, सीमा बंद करा, बंदुकीला हात लावू नका. हे चूक नाही. २०१० साली ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा झाला तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. २०१७ साली ट्रम्प यांच्या कायद्याने कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आला, त्याला एकाही डेमोक्रॅटचं मत नव्हतं. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा राष्ट्रीय हक्क काढून घेतला, तो निकाल देणारे न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते हेही सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा "दोन्ही सारखेच चोर" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. फरक आहे आणि तो माणसांच्या आयुष्याला भिडतो.

पण हा फरक पक्षाच्या रक्तात आहे असं आपण धरून चालतो ना, तिथे गडबड होते.

माझं उदाहरण देते. २०१८ साली फिलाडेल्फियात नागरिकत्वाची शपथ घेतली. बाहेर हातात छोटा झेंडा, डोळ्यांत पाणी वगैरे सगळं झालं आणि दारातच दोन म्हाताऱ्या स्वयंसेविकांनी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि त्याच्या खाली चक्क ‘राजकीय पक्ष’ असा रकाना! डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, आणखी एकदोन, आणि शेवटी ‘कुठलाच नाही’. मी गडबडले. आपल्याकडे पक्षाचं सदस्य व्हायचं म्हणजे पावती फाडायची, शाखेत जायचं, कुणाच्या तरी सतरंज्या उचलायच्या. इथे सरकारी कागदावर पेनाने खूण केली की झालं. ना वर्गणी, ना शिस्त, ना कुणी काढून टाकणार. मी साळसूदपणे ‘कुठलाच नाही’वर खूण केली. म्हटलं, आपण निःपक्ष. मान ताठ.

पुढच्या मे महिन्यात मतदान केंद्रावर गेले तर टेबलावरच्या बाईंनी यादी बघून प्रेमाने सांगितलं की तुझ्यासाठी मतपत्रिका नाही. ती प्रायमरी होती. म्हणजे नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत कुठल्या पक्षातर्फे कोण उभं राहणार, हे ठरवायची निवडणूक. पेनसिल्व्हेनियात ती फक्त त्या त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांसाठी असते. (टेक्सासमध्ये नोंदणीची भानगडच नाही, कुणीही कुठल्याही पक्षाची मतपत्रिका मागावी. राज्य बदललं की नियम बदलतो.) ताठ मानेने गेलेली मी हात हलवत परत आले.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे तिकीट देतो पक्ष. दिल्लीवरून यादी येते, पहिल्या यादीत नाव नसलं की बंडखोरी, मग मनधरणी. इथे तिकीट देतात मतदार. पक्षाध्यक्ष नावाचा जो कुणी असतो त्याला रस्त्यात कुणी ओळखत नाही, आणि त्याला कुणाचं तिकीट कापता येत नाही. त्यामुळे प्रायमरीला जी माणसं येतात, तो पक्ष. ती बदलली की पक्ष बदलला. नाव तेच, निशाणीही तीच, डेमोक्रॅटांचं गाढव आणि रिपब्लिकनांचा हत्ती.

ट्रम्पच बघा. २००१ ते २००९ त्यांची नोंदणी डेमोक्रॅट म्हणून होती. २०१६ साली रिपब्लिकन पक्षातल्या बऱ्याच जुन्या खोडांना ते नको होते. पण प्रायमरीत मतं पडली, विषय संपला. पलीकडच्या बाजूला बर्नी सँडर्स सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, अपक्ष आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट प्रायमरीत उभे! आपल्याकडे अशा माणसाला आधी पक्षप्रवेश करावा लागला असता, गळ्यात उपरणं घालून, फोटोसकट.

आणि आपले श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस. २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट प्रायमरीत उतरले, तिसरे आले. २०२२ साली डेट्रॉईटच्या मतदारसंघातून काँग्रेससाठी (इथे काँग्रेस म्हणजे संसद) प्रायमरी लढले. शहराच्या मेयरचा पाठिंबा दुसऱ्याला होता. उमेदवार भरपूर, मतं फुटली, ठाणेदार तीस टक्क्यांच्या आतच मतं घेऊन जिंकले. तो मतदारसंघ पक्का डेमोक्रॅट, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये खासदार. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटून झाले, मलाही आनंद झालाच. पण स्वतःचे लाखो डॉलर ओतता आले नसते तर हे जमलं असतं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिकीट मतदारांच्या हातात असण्याची ही दुसरी बाजू. हायकमांड नाही, तर पैशाला दार सताड उघडं.

पक्षांतराची गंमत तर आमच्याच राज्यातली. आर्लेन स्पेक्टर हे पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर, १९८० पासून रिपब्लिकन म्हणून निवडून आलेले. २००९ साली त्यांनी पक्ष बदलला आणि कारणही लपवलं नाही. रिपब्लिकन प्रायमरीत आपण पडणार हे त्यांना दिसत होतं. इथे पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही, गुवाहाटीला जावं लागत नाही. वॉशिंग्टनमधल्या डेमोक्रॅट नेत्यांनी त्यांचं स्वागत केलं, ओबामांनी पाठिंबा दिला. आणि २०१० च्या मे महिन्यात डेमोक्रॅट मतदारांनी प्रायमरीत त्यांना घरी बसवलं. धनुष्यबाण कुणाचा आणि घड्याळ कुणाचं याचे निकाल आपण आयोगाकडून आणि कोर्टाकडून ऐकतो. इथे ते काम मतदारांनीच केलं.

माणसं बदलली की पक्ष किती बदलतो, हे बघायला थोडं मागे जायला हवं. लिंकनचा पक्ष रिपब्लिकन. १८५४ साली जन्मला तो गुलामगिरी पसरू नये म्हणूनच. दक्षिणेतले गोरे त्यानंतर शंभर वर्षं कट्टर डेमोक्रॅट. १९६४ चा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी केला, पण टक्केवारीत पाहिलं तर त्याला रिपब्लिकन खासदारांचा पाठिंबा जास्त होता, कारण दक्षिणेचे डेमोक्रॅट आडवे पडले होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर या कायद्याच्या विरोधात गेले. देशभर सपाटून हरले, सहाच राज्यं मिळाली. एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना आणि बाकीची पाच थेट दक्षिणेतली. तिथून लोक पक्षाचं घर बदलू लागले ते पुढे तीसेक वर्षं बदलतच राहिले. म्हणून "आम्ही लिंकनचा पक्ष" असं कुणी ठासून सांगितलं किंवा "गुलामगिरीवाल्यांचा पक्ष तुमचा" असं कुणी हिणवलं की मला पणजोबांच्या सातबाऱ्यावरून भांडणारे भाऊबंद आठवतात. जमीन कधीच विकली गेलीय, कागद मात्र छातीशी.

हे सगळं मला ज्यांनी खरं समजावलं ते आमच्या शेजारचे आजोबा. आम्ही बेथलेहेमला राहतो, नॉर्थहॅम्प्टन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. एकेकाळी बेथलेहेम स्टील म्हणजे या गावाचं पोट. १९९५ साली इथलं पोलाद बनवणं थांबलं, २००१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. आता त्या जागेवर कॅसिनो आहे, आणि गंजलेल्या भट्ट्यांना रात्री रंगीत दिवे लावतात, लोक फोटो काढतात. आजोबांनी तिथे छत्तीस वर्षं काढली. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. पहिलं मत १९६० साली डेमोक्रॅट केनेडींना. घरात पोपच्या फोटोशेजारी केनेडींचा फोटो असायचा म्हणतात. १९८० साली रिपब्लिकन रेगनना. ओबामांना एकदा. मग ट्रम्पना तीनदा.

"क्लिंटननी नाफ्ता केला, आमचं पोलाद त्याने खाल्लं," हे त्यांचं ठाम मत. (नाफ्ता म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाशी खुल्या व्यापाराचा करार.) मी एकदा म्हणून पाहिलं की आजोबा, बाहेरचं स्वस्त पोलाद आणि भंगार वितळवणाऱ्या छोट्या गिरण्या तुमच्या कंपनीला सत्तरच्या दशकापासून पोखरत होत्या, आणि नाफ्ताला प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकनांचीच मतं जास्त पडली होती. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय टोमॅटोच्या रोपांवर नेला. कंपनी बुडाली तेव्हा हजारो निवृत्त कामगारांचा आरोग्य विमा एका फटक्यात गेला, त्यात हेही होते. त्यांचं औषधपाणी तेव्हापासून चालतं ते मेडिकेअरवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, जॉन्सनच्या १९६५ च्या कायद्यावर. तो कुणी केला हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "तेव्हाचे डेमोक्रॅट वेगळे होते," म्हणतात. आणि खरं सांगू? ते बरोबर आहेत. तेव्हाच्या डेमोक्रॅट प्रायमरीला पोलाद कामगार यायचे. आता कॉलेजात शिकलेले, उपनगरातले, माझ्यासारखे लॅपटॉपवाले येतात. आयातकर वाढवा ही त्या कामगारांची मागणी त्यांच्याबरोबर पलीकडच्या घरात राहायला गेली.

बंदुकीचंही तसंच. मी पुण्यात कॉलेज केलेली बाई, बंदूक म्हटली की मला शाळेतला गोळीबारच डोळ्यांसमोर येतो, आणि याबाबतीत रिपब्लिकन नेत्यांची टाळाटाळ मला आजही कळत नाही. पण थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथल्या कित्येक शाळांना हरणाच्या शिकारीसाठी सुट्टी असते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समजलं की काही घरांत बंदूक ही कोयत्या-कुऱ्हाडीच्या रांगेतली वस्तू आहे. आमच्या काउंटीच्या उत्तरेला पाटीच्या दगडांच्या खाणींचा पट्टा आहे, तिथे अंगणांत प्रचाराच्या लाल, म्हणजे रिपब्लिकन पाट्या. ईस्टन आणि बेथलेहेममध्ये निळ्या, डेमोक्रॅट. मध्ये गाडीने अर्धा तास. आणि अख्खी काउंटी २००८, २०१२ मध्ये ओबामांकडे, २०१६ मध्ये ट्रम्पकडे, २०२० मध्ये बायडनकडे, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्पकडे. दर चार वर्षांनी पत्रकार येतात, कॅफेत अंडी-टोस्ट मागवतात आणि आम्हाला विचारतात की तुमच्या मनात काय चाललंय.

मजेची गोष्ट ही की आजोबांची नोंदणी अजून डेमोक्रॅटच आहे. मी विचारलं, बदलत का नाही? "इथला मेयर डेमोक्रॅटच होतो. तो कोण, हे मे महिन्यात ठरतं. मग माझं मत मी का घालवू?" साठ वर्षांचा हिशेब एका वाक्यात. अंगणात दोन पाट्या, एक ट्रम्पची आणि एक डेमोक्रॅट मेयरची. शाळा समितीच्या निवडणुकीत तर आमच्या राज्यात उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकदम उभं राहता येतं. एकच बाई दोन्ही मतपत्रिकांवर! ती दोन्हीकडे जिंकली की नोव्हेंबरमध्ये गाढवही तिचं आणि हत्तीही तिचा.

मी त्यानंतर फॉर्म भरून एका पक्षात नाव घातलं. कुठल्या, ते इथे लिहीत नाही, संक्रांतीला मंडळात तिळगूळ घ्यायला जायचंय.

रात्री आईला फोन केला. एवढं सगळं सांगितलं, आजोबांच्या बोटांसकट. ती मध्ये एकदाही बोलली नाही, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मग पक्ष कशाला म्हणता? पॅनेल म्हणा की. आपल्या ग्रामपंचायतीला असतात तशी. मागल्या खेपेला तुझा धाकटा काका त्या पॅनेलात होता, औंदा ह्या. माणसं तीच, चिन्ह छत्रीचं कपबशी झालं."

मी गप्प.

"तुझं पॅनेल कुठलं पण?"

"आई, आवाज तुटतोय गं, उद्या बोलू."

"नेट चांगलं आहे माझं," ती म्हणाली.