शेरा : नामंजूर

त्या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही आणि करून घ्यायची इच्छाही नाही. नाशिकच्या गंगापूर रोडला कुठे दिसलेच तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जाईन. एखादा माणूस 'सैराट'बद्दल तसं बोलतो आणि ऐकणाऱ्याला हूं की चूं करता येत नाही, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

हूं की चूं करता येत नव्हतं, हे अक्षरशः खरं आहे. माझी मान धरली होती. रात्र रात्र सोफ्यावर वाकडं पडून सिनेमे बघितल्यामुळे, असं घरच्यांचं म्हणणं. मणक्यातली गॅप कमी झालीय, असं डॉक्टरांचं. दोन्हींवर उपाय एकच निघाला, फिजिओथेरपी. तिथल्या मॅडमनी (वयाने माझ्या भाचीपेक्षा लहान, पण मशीनची बटणं त्यांच्या हातात, तेव्हा मॅडमच) मला पलंगावर आडवं केलं, एक पट्टा हनुवटीखालून घेतला, एक डोक्यामागून, आणि दोन्ही नेऊन ट्रॅक्शनच्या मशीनला अडकवले. मशीन ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. ओढलं की दातांवर दात घट्ट बसतात. "काका, वीस मिनिटं बोलायचं नाही हं. फारच दुखलं तर हे दाबा," असं म्हणून माझ्या मुठीत लाल बटण देऊन त्या गेल्या.

हिरव्या पडद्यापलीकडून आवाज आला, "सिनेमावाले का तुम्ही? मघाशी मॅडमना सांगत होतात, ते ऐकलं."

मी म्हणालो, "म्म."

"मीपण बघतो. रिटायर झाल्यापासून दुसरा उद्योग नाही. पण आम्ही बँकेत होतो ना, कर्ज विभागात. त्यामुळे सिनेमा नुसता बघवत नाही. तपासला जातो."

एरवी मी 'हो का' म्हणून सटकलो असतो. पण सटकणार कसा? मुंडकं मशीनला बांधलेलं.

"आता तुमचा तो 'संत तुकाराम' घ्या. प्रभातचा. 1936."

'तुमचा' म्हणाले. जणू दिग्दर्शक दामले-फत्तेलाल माझ्याच वाड्यात भाड्याने राहत होते. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला सिनेमा, तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांना बघून लोक हात जोडायचे म्हणतात, आणि यांचा आक्षेप काय? "माणूस मोठा, अभंग मोठे, वाद नाही. पण सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली ना त्यांनी! दुष्काळात लोकांना सवलत द्या, हप्ते पाडून द्या. हे डायरेक्ट राइट-ऑफ! आणि गंमत बघा, गाथा तरली, पण खतं काही तरली नाहीत. ती तरली असती तर मी म्हणालो असतो, चमत्कार. नामंजूर."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. हसायचाही प्रयत्न केला; पट्ट्यात हसता येत नाही, नाकातून नुसती हवा येते. त्यांना ती सहमती वाटली असावी, कारण स्वर चढला.

"1953 साल बघा. इकडे आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई', तिकडे बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन'. दोन्हीकडे थकबाकी! अख्खा महाराष्ट्र 'श्यामची आई' बघून रडला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पण मी रडलो त्या सावकाराच्या माणसासाठी. कोकणातल्या त्या वाटा, उन्हातान्हात चालत आलेला बिचारा. वसुली काय असते ते वसुलीला गेलेल्यालाच विचारा. कुणी त्याला तांब्याभर पाणी विचारलं?"

पन्नास-साठ वर्षं ज्या माणसाला महाराष्ट्राने शिव्या घातल्या, त्याच्या बाजूने उभा राहिलेला हा पहिलाच प्रेक्षक असावा. श्यामची आई झालेल्या वनमालाबाईंबद्दल एक शब्द नाही. त्या सिनेमाला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आपण सगळे आयांच्या पदराला डोळे पुसत मोठे झालो, आणि या गृहस्थांचा जीव अडकलाय तांब्याभर पाण्यात.

"'दो बिघा'मध्ये तर सरळ सरळ घोळ आहे. तो शेतकरी शंभू म्हणतो देणं 65 रुपये, जमीनदाराची वही म्हणते 235. बरोबर? आता मला सांगा, दर काय धरला?"

मी काय सांगणार! मशीनने ओढलं.

"थांबा, काढतो." आणि पलीकडे शांतता. बोटांच्या पेरांवर काही मोजत होते बहुतेक. बलराज सहानी कलकत्त्याच्या डांबरावर अनवाणी रिक्षा ओढतोय, चाक निखळतंय, आणि इथे चक्रवाढ व्याज चाललंय. वाईट याचं वाटतं, की दोन मिनिटांनी मीही मनात 65 ला 235 च्या खाली मांडून बसलो होतो.

तो हिशोब अर्धाच टाकून ते एकदम 'शोले'वर आले. तिथे वाटलं, निदान यावर तरी एकमत होईल. 1975 पासून त्या सिनेमावर या देशात कुणाचं भांडण झालेलं नाही. तर म्हणे, "जयचं ते नाणं. दोन्हीकडून छापा. म्हणजे बनावट चलन! मित्रासाठी जीव दिला वगैरे ठीक आहे, पण असं नाणं जवळ बाळगणं गुन्हा आहे. वीरूने शेवटी ते पाहिलं ना? मग जमा करायला नको?" 'अशी ही बनवाबनवी'चा निकाल एका वाक्यात लागला. "भाडेकरूंची केवायसी नाही." शाहरुखच्या 'जवान'ने तर त्यांना फार त्रास दिलेला दिसला. मेट्रो पळवायची आणि त्या पैशातून शेतकऱ्यांची कर्जं भरायची, हे पलीकडून सांगताना त्यांची खाट करकरली. "बरं, भरली. पण बाकी नसल्याचं नो-ड्यूज कुणी दिलं? दिलेलं दाखवलंय कुठे?"

मंजूर झालेले सिनेमे थोडे. पैकी एक 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', आणि तोही दिग्दर्शक परेश मोकाशींसाठी नाही. "दादासाहेब फाळके आपले, त्र्यंबकचे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेला माणूस. परत आला आणि कुंडीतलं वाटाण्याचं रोप उगवताना शूट केलं. ते दाखवून भांडवल उभं केलं. वाटाण्याचं रोप, तारण म्हणून! आमच्या शाखेत आले असते तर आम्ही वाटाण्याच्याच अक्षता लावल्या असत्या." इथे आवाज जरा खाली आला. "तरी पठ्ठ्याने 1913 साली पिक्चर काढला. आणि कुणावर? राजा हरिश्चंद्रावर! त्याच्यासारखा कर्जदार झाला नाही. राज्य गेलं, बायको-पोर विकलं, पण विश्वामित्राची दक्षिणा पै न पै फेडली."

खरं सांगायचं तर इथवर मला मजा येत होती. आपल्याकडचे समीक्षक तरी काय वेगळं करतात? साडेतीन तारे देतात, त्यातला अर्धा कशासाठी कापला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यांच्याकडे निदान नियम होता. शिवाय हा माणूस मराठी सिनेमे बघत होता, थिएटरात जाऊन, तिकीट काढून. हे सोपं नाही. आमच्या इथे मराठी सिनेमाला शो मिळतो तो सकाळी पावणेदहाचा, नाहीतर दुपारी साडेतीनचा, म्हणजे जेव्हा नोकरीवाला नोकरीवर असतो आणि रिटायर माणूस झोपलेला असतो. मागे एका मल्टिप्लेक्सला रजा टाकून गेलो, तर खिडकीतला मुलगा म्हणतो, "सर, तिघंच आहात, शो कॅन्सल." बरं, पैसे परत कधी? "आठवड्यात येतील." आणि दोन आठवड्यांनी हीच मंडळी म्हणणार, मराठी प्रेक्षक येत नाही. येतो हो. तुम्ही त्याला जिन्यावरून परत पाठवता. असो. त्यावर बोलायला लागलो तर मान पुन्हा धरायची.

तर मुद्दा 'सैराट'.

"तो नागराज मंजुळेचा," पलीकडून आवाज. "काय सांगू तुम्हाला, फर्स्ट क्लास केस होती. पोरगी बाटल्यांच्या कारखान्यात लागते, पोरगा डोशाच्या गाडीवर. दोन उत्पन्नं! व्यसन नाही, उधळपट्टी नाही. मी हैदराबादला असतो तर घरकर्ज डोळे झाकून दिलं असतं. आणि शेवटी काय? मारून टाकलं दोघांना." मोठा सुस्कारा. "चांगली पार्टी गेली हो हातची."

मशीनने ओढलं. मला वाटतं त्या दिवशी मशीनने ओढलं नसतं तरी माझे दात तसेच आवळले गेले असते.

"आणि ते पोरगं. रक्तात पाय भरलेलं. त्याच्या नावाने नॉमिनेशन केलं होतं की नाही, हेसुद्धा दाखवलं नाही."

तो शेवट मी 2016 च्या उन्हाळ्यात थिएटरात पाहिलाय. पडद्यावर आवाज नाही, गाण्यांवर तीन तास नाचलेली पोरं खुर्च्यांत थिजलेली. ज्यांनी मारलं, त्यांनी का मारलं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, कारण जात काय असते हे त्या थिएटरातल्या प्रत्येकाला घरूनच ठाऊक होतं. हे सगळं, याच क्रमाने, माझ्या तोंडात तयार होतं. तोंड बंद होतं.

मी लाल बटण दाबलं.

मशीन कुईं करून थांबलं. मॅडम धावत आल्या. "काय झालं काका? दुखतंय? हात बधिर झाला?" पट्टा तसाच. मी जिवाच्या आकांताने पडद्याकडे बोट दाखवलं.

"गुदमरल्यासारखं होतंय का? अहो मग सांगायचं ना!" आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. वर मशीनकडे बघून, "मध्येच बंद पडलं. आता पहिल्यापासून लावावं लागेल," म्हणत वीस मिनिटं पुन्हा भरली आणि गेल्या.

आता आम्ही आमनेसामने. गृहस्थ हाफ पँटीत, दोन्ही गुडघ्यांवर शेकाच्या पिशव्या, त्या घसरू नयेत म्हणून वर नॅपकिन. हाफ पँटीवर इस्त्रीचा शर्ट आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं. एकाचं टोपण हिरवं. माझ्याकडे बघून मनापासून हसले.

"तुम्हाला 'कोर्ट' आवडला असेल," ते म्हणाले.

म्हटलं आता हाही जाणार. तर म्हणे, "मंजूर. काही त्रुटी नाही. वसुलीच्या दाव्यांसाठी आयुष्य कोर्टाच्या बाकावर गेलं माझं. ती बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून तिची केस घेत नाहीत ना, तो सीन. तस्संच असतं. आणि शेवटी सुट्टी लागते, न्यायाधीश सहलीला जातात. इकडे माणूस आत. तस्संच." मग गप्प बसून त्यांनी गुडघ्यावरची पिशवी सरळ केली. चैतन्य ताम्हाणेच्या त्या हलत नसलेल्या कॅमेऱ्याबद्दल मी चारचौघांत पुष्कळ जडजड बोललोय. या माणसाने दोनदा 'तस्संच' म्हणून विषय संपवला, याचाही मला राग आहे.

दुसऱ्यांदा वीस मिनिटं भरली. पट्टा सुटला, जबडा मोकळा झाला. 'सैराट'वरचं सगळं भाषण, जात, अब्रू, ते पोरगं, सगळं जिभेच्या टोकावर. गृहस्थ पँट चढवत होते. मी घसा खाकरला.

आणि तोंडातून निघालं, "साहेब, तो 'दो बिघा'चा दर किती आला मग?"

त्यांनी हिरव्या टोपणाचं पेन काढलं, पावतीच्या मागे 65 लिहिलं, 235 लिहिलं, आणि पेन बंद केलं. "येतच नाही हो. मुदत कुठे सांगितलीय? मुदत नाही तर दर कुठून काढणार?" मग दारात चपला शोधताना मागे न बघता म्हणाले, "जमीनदार चोर होता. ते मला आधीपासून माहीत आहे."