‘सगळा एकच वेडेपणा’? : तांबड्या कालवडीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

यहुदी धर्मातल्या तांबड्या कालवडीच्या विधीवर (ती जाळून तिच्या राखेने प्रेताचं अशौच घालवायचं) मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव त्यांनी दिलेलं नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग इथे देतो: “निवृत्त डॉक्टरसाहेबांनी गाईवर गोड निबंध लिहिलाय. एक जमात गाय जाळून राख करायला बसलीय, दुसरी त्या राखेकडे डोळे लावून जगबुडीचे दिवस मोजतेय. हा सगळा एकच वेडेपणा आहे आणि आपल्याकडच्या सुतकाइतकंच मोठं थोतांड. अल-अक्सा मशिदीचं पुढे काय, हमासने या गाईंचा उल्लेख का केला, शिलो कुणाच्या जमिनीवर आहे, यावर अवाक्षर नाही. घरबसल्या नेटवरून उतरवून काढलेलं दिसतंय.”

आपण माझा लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. मतभेदाचं मला वावडं नाही. इथे नियमित येणाऱ्यांना माहीत आहे की माझ्या लेखांवर कडक टीका झाली तरी मी ती कधी काढून टाकत नाही. पण टीका करण्याची एक रीत असते. ‘जमात’, ‘थोतांड’, ‘गोड निबंध’ हे शब्द वापरल्याशिवाय आपला मुद्दा मांडता आला नसता का? समोर बसलेल्या माणसाशी आपण असं बोललो असतो का? मला नाही वाटत.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. टेक्सासहून आलेल्या कालवडी जिथे ठेवल्या ते शिलो हे ठिकाण इस्रायलने 1967 पासून ताब्यात ठेवलेल्या, जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक) आहे, हे मी लिहायला हवं होतं. लेखात ते नुसतं गावाचं नाव म्हणून आलं. तेवढी दुरुस्ती आज केली आहे.

आता ‘हा सगळा एकच वेडेपणा’ या वाक्याकडे येतो. मला लागलं ते हेच.

बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून बघा. निर्दोष, अंगावर व्यंग नसलेली, मानेवर कधी जू न ठेवलेली तांबडी कालवड. ती वस्तीबाहेर नेऊन मारायची आणि कातडं, मांस, रक्त, शेण यांसकट जाळायची. त्या आगीत गंधसरूचं लाकूड, एजोबाची फांदी आणि किरमिजी सूत टाकायचं. राख जपून ठेवायची, वाहत्या पाण्यात कालवायची आणि प्रेताला ज्याचा स्पर्श झाला असेल त्याच्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची. विधी एवढाच. या अध्यायात युद्ध नाही, जगाचा अंत नाही. माणूस मेलेल्याला हात लावतो, कारण त्याला तो लावावाच लागतो, आणि मग त्याला पुन्हा मंदिराच्या दारात यायचं असतं. सगळी धडपड त्या परतण्यासाठी आहे.

आणि सुतकाचं म्हणाल तर वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारखं वाटेल हे खरं, पण आतली रचना वेगळी आहे. आपल्याकडे सुतक नात्याने लागतं. भाऊबंद मुंबईत वारला तर गावच्या घरात सुतक येतं, प्रेत कुणी पाहिलेलंही नसतं. यहुदी अशौच नात्यावर चालत नाही, ते स्पर्शाने येतं, किंवा प्रेत असलेल्या छपराखाली गेल्याने येतं. अनोळखी माणसाला खांदा देणाराही अशुद्ध होतो. त्यात पाप नाही. उलट मृताची क्रिया करणं हे मोठं पुण्यकर्म मानलं आहे, आणि ते करणाराच अशुद्ध होतो. त्याच्यावर बंधन मुख्यतः एवढंच, की शुद्ध होईपर्यंत त्याने मंदिरात पाऊल टाकायचं नाही आणि बलीच्या मांसाचा वाटा खायचा नाही.

आपण ज्याला थोतांड म्हणता त्यावर प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, त्या पिढीतले मोठे गुरू रब्बी योहानान बेन झक्काई. एका परधर्मीयाने त्यांना तोंडावर विचारलं, की हे तुमचं करणं जादूटोण्यासारखं नाही का? त्यांनी त्याला भूत उतरवण्याचा दाखला देऊन वाटेला लावलं. तो गेल्यावर शिष्य म्हणाले, त्याला काडीने ढकललंत, आम्हाला काय सांगता? तेव्हा ते म्हणाले, ना प्रेत अशुद्ध करतं, ना पाणी शुद्ध करतं, ही देवाची आज्ञा आहे आणि तिचं कारण शोधण्याचा तुम्हाला अधिकार नाही. हा प्रसंग यहुद्यांनी स्वतः लिहून ठेवला आणि शतकानुशतकं शिकवला. राख शिंपडली की अशुद्ध माणूस शुद्ध होतो, पण ती कालवड जाळणारा मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. हा पेच शहाण्या शलमोन राजालाही सुटला नाही, असं त्यांचीच परंपरा म्हणते. आपलं कोडं इतक्या उघडपणे चारचौघांत मांडणाऱ्या लोकांना आपण एका शब्दात वेड्यात काढलंत.

मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहातला ‘पारा’ हा भाग तर आपण नक्कीच उघडलेला नाही. यरुशलेमात खडकावर काही अंगणं बांधलेली असत. खाली कुठे विसरलेली कबर असली तर तिचं अशौच वर येऊ नये म्हणून त्यांच्याखाली पोकळी ठेवलेली असे. गर्भवती बायका तिथे येऊन बाळंत होत आणि मुलांना तिथेच वाढवत. मग बैलांच्या पाठीवर दाराच्या फळ्या टाकायच्या, त्यांवर ती मुलं हातात दगडी पेले घेऊन बसायची, आणि तशी ती सिलोमच्या तळ्यावर पाणी आणायला जायची. पेला दगडाचाच, कारण दगडाला अशौच चिकटत नाही. मृत्यूची सावलीही न पडलेल्या लेकरांनी पाणी आणावं, यासाठी एवढा खटाटोप. हे वाचून आपल्याला जगबुडी आठवली?

नेटवरून उतरवल्याचा आरोप आपण केलात, म्हणून नाइलाजाने स्वतःबद्दल लिहितो. पशुवैद्यक म्हणून माझं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं, त्यातली बरीच वर्षं रायगड जिल्ह्यात. एकाच छिद्रातून दोन काळे किंवा पांढरे केस निघाले तर कालवड बाद, हा मिश्नातला नियम वाचला तेव्हा त्यामागची नजर मी लगेच ओळखली. आपल्या लाल कंधारी गाई बघा. दुरून अख्खी गाय गडद तांबडी दिसते, पण शेपटीचा गोंडा हातात घेऊन केस फाकवा, सडांच्या आजूबाजूला बघा, खुरांच्या वर बोट फिरवा, कुठे ना कुठे वेगळा केस सापडतो. दाव्याने कातडं सोललं गेलं आणि जखम भरली की त्या जागी पुष्कळदा पांढरे केस येतात. बैलाच्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडला की तिथले केस पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. यहुदी गोष्टींतही जुवाखालच्या केसांवरून कालवड ओळखल्याचा प्रसंग आहे. ही जनावरात राहिलेल्या माणसांनी लिहिलेली पानं आहेत. ती मला नेटने शिकवली नाहीत, गोठ्याने शिकवली.

आणि अलिबागकडे नोकरी करताना माझं बिऱ्हाड एका बेने इस्रायल कुटुंबाच्या शेजारी होतं. कोकणातले हे यहुदी, लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, शनिवारी घाणा बंद. त्यांच्याकडे सुंता, लग्न, घरभरणी, काहीही असलं की मलिदा व्हायचा: भिजवलेले पोहे, नारळाचा चव, गोड, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. अलिबागजवळच्याच खंडाळा गावात (घाटातलं खंडाळा नव्हे) एक खडक आहे. एलियाचा रथ तिथून उडाला, चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा राहिल्या, अशी श्रद्धा. नवस फेडायला लोक मुंबईहून तिथे येत. आता हा एलिया म्हणजे कोण? परमेश्वराच्या महान आणि भयंकर दिवसाआधी जो येणार असं मलाखीच्या पुस्तकात लिहिलं आहे, तोच. शेवटाची वर्दी देणारा संदेष्टा. त्याच्या नावाचं ताट मी त्या घरात हातात घेतलं आहे. जगबुडीचे दिवस मोजणारं तिथे कुणी नव्हतं. ताट देणाऱ्या आजी स्मशानातून आल्या की उंबऱ्याबाहेर हात धुऊन मगच घरात यायच्या. राख नाही, मंदिर नाही, उरलं ते एवढं हातावरचं पाणी. आपण ज्यांना ‘जमात’ म्हणालात त्यांचा विषय निघाला की मला त्या आजी दिसतात, आणि म्हणून हे उत्तर एवढं लांबलं आहे.

आता ‘एकच’ या शब्दाबद्दल. बाराव्या शतकातले रामबाम, म्हणजे मायमोनिडीस, लिहितात की मोशेपासून दुसऱ्या मंदिराच्या नाशापर्यंत नऊ कालवडी झाल्या, दहावी मशीहा राजा, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहतात तो तारणहार, करील. होय, इथे मशीहा आला. पण क्रम बघा. तो राजा येईल आणि मग कालवड करील. कालवड जाळली की तो येतो असं त्यांनी म्हटलेलं नाही. आणि शेवट कधी याची गणितं मांडणाऱ्यांची हाडं झडोत, असा तळतळाट खुद्द तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे. रामबामही ती गणितं करू नका असंच सांगतात.

दिवस मोजण्याचा हा उद्योग आला तो मुख्यतः दुसरीकडून, काही ख्रिस्ती मंडळींकडून. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडलेली आणि 1909 च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमधून अमेरिकेत घराघरात गेलेली ती शिकवण. दानिएलाच्या नवव्या अध्यायात बली बंद पडतो आणि थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात शेवटच्या काळातला ‘पापपुरुष’ मंदिरात जाऊन बसतो; म्हणून आधी मंदिर हवं, मंदिरासाठी शुद्ध याजक हवेत आणि याजकांसाठी राख हवी. खरं तर ‘इब्री लोकांस पत्र’ सांगतं, की त्या राखेचं काम ख्रिस्ताच्या रक्ताने पूर्ण झालं. जगातल्या बहुसंख्य ख्रिस्ती लोकांसाठी कालवडीचा विषय तिथेच संपतो. पण या मंडळींच्या वेळापत्रकात ती पुन्हा लागते, आणि त्याच वेळापत्रकात पुढे असंही मानणारे पुष्कळ आहेत की त्या संकटात दोन तृतीयांश यहुदी मरतील. जखऱ्याच्या तेराव्या अध्यायाचा त्यासाठी आधार देतात. सप्टेंबर 2022 मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी इस्रायलला गेल्या, त्यामागे ख्रिस्ती पशुपालक होते. घेणाऱ्याला शुद्ध व्हायचं आहे, आणि देणाऱ्यांत असेही आहेत ज्यांच्या हिशेबात घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू लिहिलेला आहे. हे दोघं आपल्याला ‘एकच’ दिसतात? घाव ज्याच्यावर पडायचा त्याला आणि घाव घालणाऱ्या कल्पनेला आपण एका पोत्यात बांधलंत.

मंदिर पुन्हा उभं राहावं म्हणून यरुशलेमात 1987 पासून चालणारी टेम्पल इन्स्टिट्यूट राखेच्या मागे आहे, हे मला माहीत आहे आणि मूळ लेखात ते आहे. 1997 मध्ये कफर हसिदीमच्या मेलडी नावाच्या वासराचा केवढा गाजावाजा झाला आणि शेपटीला पांढरे केस आल्यावर तो कसा थांबला, हेही आहे. पण त्या मूठभरांवरून सगळा यहुदी समाज मोजायचा असेल तर मग त्याच यरुशलेमात, जुनं मंदिर होतं त्या टेकडीच्या दाराशी असलेली मुख्य रब्बीमंडळाची पाटीही मोजा. जागा पवित्र आहे, धर्मशास्त्राप्रमाणे आत जाणं निषिद्ध आहे, असं ती सांगते; त्यामागचं कारण हेच, की आज सगळे अशुद्ध आहेत आणि राख नाही. मी ती उभा राहून वाचली आहे. घरबसल्या नव्हे.

राहिली त्याच टेकडीवर उभी असलेली अल-अक्सा, आणि हमास. 1969 मध्ये एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माणसाने मशिदीला आग लावली, 1984 मध्ये तिथलाच ‘डोम ऑफ द रॉक’ हा घुमट उडवण्याचा यहुदी कट पकडला गेला, जानेवारी 2024 मध्ये हमासच्या प्रवक्त्याने तांबड्या गाईंचं नाव घेतलं. हे सगळं मला ठाऊक आहे. माझा लेख विधीवर होता. प्रत्येक लेखात सगळं राजकारण आलंच पाहिजे असा हट्ट धरला तर कुठल्याच धर्मावर कुणाला चार ओळी लिहिता येणार नाहीत. त्या विषयावर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते वाचा.

दामा बेन नेतिना या अश्कलोनच्या माणसाची गोष्ट मूळ लेखात होती, तिच्यावर मात्र आपण एक शब्द लिहिला नाहीत. तो यहुदी नव्हता. पेटीची किल्ली झोपलेल्या बापाच्या उशाखाली होती, म्हणून त्याने मोठा नफा सोडला पण बापाला उठवलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या गोठ्यात तांबडी कालवड जन्मली. मागेन ती किंमत मिळेल हे माहीत असूनही बुडाले तेवढेच पैसे त्याने मागितले. आईबापाचा मान कसा राखावा हे शिकवताना यहुदी गुरू या परक्याचं उदाहरण देत आले. लेखातला मला सर्वांत प्रिय भाग तो होता, आणि आपल्याला तो ‘गोड निबंध’ वाटला.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. उत्तर द्यायचं असेल तर ‘गणना’चा तो अध्याय वाचून द्या, आणि नाव लिहून द्या. ‘जमात’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.